दिवाळी नसलेलं गाव

मला कुठेही अर्धा तास स्वस्थ बसता येत नाही. डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत मी उभीच असते, आणि नाटकाला गेले तर मध्यंतर कधी होतंय याकडेच लक्ष. त्यामुळे दिवाळीत दोन दिवस धरणाकाठी तंबूत राहू या, असं मी म्हटलं तेव्हा नवऱ्याने आधी माझ्याकडे बघितलं आणि मग कुत्र्याकडे. मी म्हटलं, माझ्यासाठी नाही, याच्यासाठी.

कुत्रा आमचा गावठीच. डोंबिवलीला आमच्या सोसायटीच्या पंपघरामागे सापडलेला, एक कान उभा आणि एक पडलेला. आदल्या वर्षी पाडव्याच्या सकाळी मी त्याला खाली फिरवायला नेलं आणि पार्किंगमध्ये कोणीतरी सुतळी बॉम्ब लावला. तो जागच्या जागी आडवा झाला, पाय ताठ, तोंडाला फेस. दोन-तीन मिनिटांत उठून उभा राहिला. डॉक्टर म्हणाले, पुढच्या दिवाळीत याला आवाजापासून लांब न्या, असा दुसरा झटका जिवावर बेतू शकतो. त्या दिवशी त्याला खाली नेण्याची घाई माझीच होती, आईने 'थोडं थांब गं' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, म्हणून तो 'दुसरा झटका' वर्षभर माझ्याच डोक्यात फिरत राहिला. गणपती संपले आणि मी मोबाईलवर शांत जागा शोधायला लागले.

मुरबाडच्या पुढे धरणाच्या पाण्याला लागून एका शेतकऱ्याने माळावर सहा तंबू लावले होते. फोटोत पाणी, डोंगर आणि खाली 'कुत्रे चालतील' असं लिहिलेलं. मी त्यांना तीनदा फोन केला. तिन्ही वेळा एकच प्रश्न, आवाज नाही ना? तिन्ही वेळा ते म्हणाले, "नाय ओ ताई. एकदम शांत. रातकिडे वरडतात तेवढाच."

राहिली आई. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. दरवर्षी लक्ष्मीपूजनाला आम्ही दोघं कल्याणला सासरी जातो आणि आई घरी कुत्र्याजवळ थांबते. या वर्षी सासरी येणार नाही म्हटल्यावर सासूबाई दोन दिवस माझ्याशी फोनवर मोजकंच बोलल्या. आईला मी म्हटलं, तूही चल. ती म्हणाली, "तंबूत झोपायचं माझं वय आहे का? आणि लक्ष्मीपूजनाला घराला कुलूप घालतात का कोणी? तुम्ही जा. मी आहे."

मी फार आग्रह केला नाही, हे कबूल करते. गाडीत मागची सीट कुत्र्याला पूर्ण मिळेल, आईला डासांचा त्रास नको, तिला रात्री दोनदा उठावं लागतं, अशी कारणं माझ्याकडे तयार होती. निघताना कुत्रा आईच्या पायाशी बसून राहिला. शेवटी नवऱ्याने त्याला उचलून गाडीत घातलं.

दुपारी पोचलो. सहापैकी पाच तंबूंत कुत्री होती. ठाण्याहून घोडबंदरकडचं एक जोडपं लॅब्रेडॉरला घेऊन आलं होतं, त्याच्या अंगात घाबरू नये म्हणून घट्ट जाकीट. कल्याणच्या एका काकूंच्या मांडीवर पांढरं पॉमेरियन. सगळ्यांनी आपापल्या गच्च्या आणि आपापले बॉम्ब लावणारे शेजारी सोडून इथली वाट धरलेली. आम्ही एकमेकांना चकल्या दिल्या, शेजाऱ्यांना यथेच्छ नावं ठेवली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. कुत्र्याने पाण्यात पाय घातले, चिखल हुंगला, तंबूला तीन फेऱ्या मारल्या. नवरा उताणा पडून म्हणाला, "बघ किती शांत आहे." मला मात्र बसवेना. मी दोर तपासले, खुंट्या तपासल्या, पाण्यापर्यंत चारदा जाऊन आले. आईला फोन लावला तर रेंज नव्हती.

सूर्य डोंगरामागे गेला आणि पाण्यापलीकडच्या गावात पणत्या लागल्या. आम्ही सगळे उभं राहून कौतुकाने बघत होतो. कल्याणच्या काकूंनी तर फोटोही काढला. मग पहिला बॉम्ब वाजला.

डोंबिवलीत बॉम्ब वाजला की इमारतींत अडकून विरतो. इथे तो समोरच्या डोंगरावर आपटला, पाण्यावरून परत आला आणि मागच्या डोंगरावर जाऊन पुन्हा वाजला. एका बॉम्बचे तीन झाले. त्याच्यामागून लड लागली. आमचा कुत्रा तंबूत घुसला आणि मागच्या कापडातून बाहेर पडायचा रस्ता खणायला लागला. मी त्याला धरायला आत गेले तोवर खुंटी उपटली आणि तंबू आमच्या दोघांच्या अंगावर आला. अंधारात मला फक्त त्याचं अंग लागत होतं, आणि ते इतकं थरथरत होतं की तो झटकाच आहे असं वाटून मी नवऱ्याला हाका मारत सुटले. झटका नव्हता. तो नुसता कापत होता.

बाहेर आले ती सरळ मालकांकडे गेले. ते नवा सदरा घालून, हातात फराळाचं ताट घेऊन आमच्याकडेच येत होते. मी म्हटलं, "तुम्ही शांत म्हणाला होतात."

"रोज शांतच असतं ताई."

"मग हे काय?"

ते खरंच गोंधळले. "दिवाळी हाय ना आज," ते म्हणाले. "गावात दिवाळी नसते का?"

ठाणे, कल्याण, डोंबिवलीची आम्ही पाच घरं, सगळी शिकलेली, आणि गावातही माणसं दिवाळी करतात हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. एकदा वाटलं पाण्यापलीकडे जाऊन त्यांना थांबवायला सांगावं. मग मनाशीच म्हटलं, कोणत्या तोंडाने? मालकांनी मोडलेल्या तंबूबद्दल अवाक्षर काढलं नाही, उलट ताट पुढे केलं. मी त्यातली एक करंजी घेतली आणि आम्ही सामान गाडीत कोंबलं.

काचा वर करून नवऱ्याने गाडी रस्त्याला घातली तसा कुत्र्याचा श्वास थोडा खाली आला. पुढच्या गावाबाहेर एका शेतापाशी थांबलो, तर तिथेही धडाड. तो सीटखाली शिरला. गाडी हलली की बाहेर येई, थांबली की पुन्हा आत. तेवढं आमच्या लक्षात आलं आणि मग आम्ही थांबलोच नाही. मुरबाड रस्त्याने पुढे, कुठल्यातरी फाट्यावरून आत, तिथे रोषणाई दिसली की मागे. घरी जाता येत नव्हतं, तंबूत राहता येत नव्हतं. नवरा एकदाच म्हणाला, "पेट्रोल आहे अजून." मी सीटबेल्ट काढत होते, पुन्हा लावत होते. एवढा जीव तळमळल्याचं मला आठवत नाही.

साडेसातच्या सुमारास रेंज आली. आईला फोन लावला. बऱ्याच वेळाने तिने उचलला आणि तिचा आवाज घुमत होता.

"कुठे आहेस तू?" मी विचारलं.

"घरीच."

"घरी कुठे?"

"बाथरूममध्ये. पूजा झाली माझी. आता बसलेय."

"बसलेय म्हणजे?"

"अगं, बसतो आम्ही दोघं दरवर्षी. इथे आवाज कमी येतो. यंदा तो नाही, म्हणून एकटीच बसलेय. तो बरा आहे ना?"

मी बरा आहे म्हटलं आणि फोन ठेवला. नवऱ्याला सांगितलं, गाडी घराकडे घे. तो म्हणाला, "अगं, डोंबिवलीत आत्ता काय चालू असेल माहीत आहे ना? आणि याला झटका आला तर?" मला माहीत होतं. वर्षभर मी त्याच एका भीतीने जगले होते. तरी म्हटलं, घे.

कल्याणच्या पत्रीपुलावरून पुढे आकाश नुसतं पेटलं होतं. मी मागे बसले, कुत्र्याचं डोकं ओढणीत गुंडाळून छातीशी धरलं आणि त्याच्या कानात काहीबाही बोलत राहिले. त्याचं हृदय माझ्या हाताला लागत होतं. प्रत्येक आवाजाला मी त्याच्या पायांकडे बघत होते, ताठ होतात का. सोसायटीच्या गेटपाशी मी उतरले आणि नवऱ्याला म्हटलं, थांबू नकोस, फेऱ्या मारत राहा.

वर बाथरूममध्ये नळ चालू होता. काठपदराच्या साडीतली आई पाटावर बसली होती, दोन्ही कानांत कापूस. शेजारी फरशीवर कुत्र्याची जुनी चादर पसरलेली. मला बघून ती ओशाळली आणि चादर गोळा करायला लागली. "सवयीने टाकली गेली," ती म्हणाली. बाहेर लड लागली तशी तिने तीच चादर कानांवर दाबली. आयुष्यभर मी तिला बघत आलेय आणि ती फटाक्यांना घाबरते हे मला ठाऊक नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

"चल," मी म्हटलं. ती देवघराकडे बघत होती. मी काही बोलायच्या आत तिने समई नीट केली, चपला घातल्या आणि स्वतःच्या हाताने दाराला कुलूप लावलं.

फेरी मारून गाडी गेटपाशी आली. ती मागे बसली तसा कुत्रा सीटखालून निघाला आणि तिच्या मांडीवर चढला, सगळा, मागचे पायसुद्धा. तिने त्याला दोन्ही हातांनी आवळून धरलं. नवऱ्याने विचारलं, "आई, कुठे जाऊ या?"

"कुठेही जा. फक्त थांबवू नका हं."

शीळ रस्त्याला लागल्यावर मी विचारलं, "कधीपासून घाबरतेस तू?"

"लहानपणापासून."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तुझ्या बाबांना फटाक्यांची फार हौस. नंतर तुलाही. तुम्ही दोघं गॅलरीतून हाका मारायचात, मी बाहेर येऊन उभी राहायचे." ती कुत्र्याच्या पडलेल्या कानावरून हात फिरवत राहिली. "हा आला, तेव्हा कुठे मला आत बसायला मिळालं."