चौथ्या दिवशी आम्ही बोट सोडली

आमच्या ह्यांना पोहता येत नाही, पण पाण्याचं वेड भारी. सिन्नरच्या कारखान्यात आयुष्यभर यंत्रं दुरुस्त केली आणि निवृत्त झाल्यावर एकच हट्ट धरला, मोठ्या नदीतून लांबवर जायचं. म्हणून आम्ही दोघं आसामला गेलो आणि गुवाहाटीहून ब्रह्मपुत्रेतल्या बोटीत बसलो. प्रवास दहा दिवसांचा. हे दिवसभर इंजिनाच्या खोलीत जाऊन बसायचे. मी वरती खुर्ची टाकून पाणी बघायचे. तीन दिवस कुकर लावला नाही, याचंच मला केवढं सुख!

चौथ्या दिवशी सकाळी चहा घेत होतो, तेवढ्यात नाशिकहून मुलाचा फोन आला.

"आई, घाबरू नकोस. छकुलीचं अपेंडिक्स फुटलंय. आत्ता ऑपरेशनला घेतायत."

छकुली म्हणजे आमची नात, आठ वर्षांची. आदल्या संध्याकाळपासून पोट दुखत होतं. गॅस असेल म्हणून सुनेने ओवा दिला होता. पहाटे ताप चढला आणि ती वेदनेने दुमडून गेली.

"आम्ही निघतो," मी म्हणाले.

"अगं, तुम्ही पोचेपर्यंत सगळं झालेलं असेल. राहा तिकडेच."

पुढचं ऐकू आलं नाही, रेंज गेली. मी खोलीत आले तर हे बॅगेत कपडे कोंबत होते.

बोटीचा कप्तान भला माणूस. जवळ धक्का नव्हता, म्हणून त्याने वाळूच्या बेटापाशी बोट थांबवली आणि मासे धरणाऱ्या एका म्हाताऱ्याला हाका मारून बोलावलं. त्याच्या लाकडी होडीत आम्ही उतरलो. होडी डुलली तशी ह्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला, की पुढे दोन दिवस वळ होता. पाणी केवढं रुंद! काठ जवळ येता येईना. म्हाताऱ्याला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला त्याची. मी पोटावर हात ठेवला आणि 'एवढीशी पोर' असं हाताने दाखवलं. त्याने वल्ही थांबवली, कपाळाला हात लावून डोळे मिटले आणि पुन्हा जोरात वल्हवायला लागला.

काठावर चढलो आणि फोन वाजला. सून होती.

"आई, झालं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. आता काळजी नाही."

हे तिथेच चिखलात उकिडवे बसले आणि हुंदके देऊन रडले. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण त्यांना रडताना मी कधी बघितलं नव्हतं. म्हातारा गडबडला, त्याला वाईट बातमी वाटली. मी हसून मान हलवली तेव्हा तोही बोळक्या तोंडाने हसला.

"आता परत बोटीवर जायचं का?" मी विचारलं.

"छे! पोरीला बघितल्याशिवाय मला घास उतरायचा नाही."

जीपने गुवाहाटी, दुसऱ्या दिवशी विमानाने मुंबई, तिथून टॅक्सीने कसारा घाट चढून दुपारी नाशिक. दवाखान्यात नात उशीला टेकून बसली होती. हाताला सलाईन आणि चेहऱ्यावर राग, कारण तिला अजून पाण्याशिवाय काही देत नव्हते.

"आबा, तुमची बोट बुडाली का?"

"नाही गं बाई."

"मग कशाला आलात? आता शाळेत मी काय सांगू?"

ह्यांनी तिच्यापाशी स्टूल ओढलं आणि नदीमधलं वाळूचं बेट, लाकडी होडी, तो म्हातारा, सगळं सांगायला घेतलं. स्वतःचं रडणं तेवढं वगळलं. ती मध्ये मध्ये हसायची आणि टाके दुखले की "आबा, हसवू नका ना" म्हणायची.

सून रात्रभर जागी होती. तिला मी घरी पाठवलं, पलीकडच्या रिकाम्या पलंगावर पाय पसरले आणि त्या दोघांचं ऐकता ऐकता मला गाढ झोप लागली.