मागे जायला दुसरी वाट

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा यांची बदली धुळ्याहून जळगावच्या कचेरीत झाली. धुळ्याचं भाड्याचं घर सुटलं याचा मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू? दोन अंधाऱ्या खोल्या आणि त्यांच्या कडेनं परसात जाणारा एक अरुंद, बारमाही ओला बोळ. तो झाडायचं काम माझं. एवढ्या जागेत धान्याची खोली निघाली असती, असं मी रोज कुरकुरायची.

घर पारखायची माझी एक रीत होती. चूल येणार तिथे मी बसकण मारायची, भाकरी थापल्यासारखे हात हलवायची, उजेड परातीत पडतो की पाठीवर ते बघायची. मग उठून मोरीपर्यंत पावलं मोजायची. हे म्हणाले, घर बघतेस की सून बघतेस? मी म्हटलं, सून नाही पटली तर माहेरी धाडता येते, घर कुठे धाडू?

जळगावची जागा मला बघताक्षणी आवडली. नव्या इमारतीचा पहिला मजला. पुढे एक खोली, मग स्वयंपाकघर, मग मागची गॅलरी. तिथेच मोरी आणि टोकाला आमच्या एकट्यांचा संडास. दारासमोर दार, पुढून शिरलेला वारा सरळ मागे. बोळबिळ काही नाही, वीतभर जागा वाया गेलेली नाही.

सासूबाई गेल्यापासून माझे सासरे दोंडाईच्याजवळचं गाव सोडून आमच्याकडेच राहत. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. मी त्यांनाही हौसेनं जागा दाखवायला नेलं. ते पुढच्या खोलीतच उभे राहिले, त्या सरळ दारांकडे बघत.

"मागे जावाले दुसरी वाट नई का?" त्यांनी विचारलं.

मला हसू आलं. मी म्हटलं, दुसरी कशाला हवी, एवढी सरळ वाट असताना? ते म्हणाले, तुला आवडलं ना, मग झालं. त्यांची पसंती मिळाली असं मी धरून चालले.

आमच्यात सासरा सुनेच्या चुलीपुढून तसाच जात नसे. तो आधी खाकरायचा. सून हातातलं टाकून उठायची, पदर पुढे ओढून भिंतीकडे तोंड करायची, मग तो जायचा. धुळ्याला आबा बोळातून जात-येत, त्यामुळे ते खाकरणं माझ्या कानी क्वचितच पडलं. जळगावात मी पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत त्या मधल्या खोलीत, आणि आबांना मोरीवर जायचं तर माझ्यासमोरूनच जावं लागे. दारात खाकरणं ऐकू आलं की मी उठायची. ते परत यायचे तेव्हा पुन्हा उठायची.

एकदा माझी तव्यावरची भाकरी करपली आणि मी उलथणं आपटलं. त्यांना ऐकू जावं म्हणूनच आपटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्यानंतर खाकरणं कमी झालं. ते मागे जायचे ते पहाटे मी उठायच्या आत एकदा आणि संध्याकाळी मी देवळात गेले की एकदा. मला वाटलं, आबा रुळले. पुढच्या खोलीतल्या त्यांच्या खाटेखालचा तांब्या मात्र सकाळी भरलेला, तो संध्याकाळीही भरलेलाच असायचा. बाहेर जळगावचं ऊन, माठातलं पाणी आम्हाला पुरत नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करूनच विचारलं तर म्हणाले, "माले तहानच लागत नई, पोरी." म्हाताऱ्या माणसाची तहान कमी होत असेल, असं म्हणून मी कामाला लागले. माझी सोय झाली होती, मग खोलात कोण शिरतंय?

चैत्रात त्यांना ताप आला आणि लघवी बंद झाली. डॉक्टरांनी विचारलं, आबा दिवसाकाठी पाणी किती पितात? हे माझ्याकडे बघू लागले. मी त्या एका ओळीतल्या दारांकडे बघत होते. वाऱ्याला किती सोपी वाट दिली होती मी!

त्या दिवशी मी डोक्यावरचा पदर मुद्दाम खाली घेऊन त्यांच्या खाटेशी गेले. सून म्हणून पहिल्यांदाच मी त्यांच्याकडे तोंड करून बोलले.

"आबा, आता खाकरू नका. मी उठणार नाही. तुम्ही सरळ जा."

त्यांनी डोळे मिटून घेतले.

"सून घरमा व्हई तं खाकरीसनच जानं पडस," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. उलट मलाच समजावल्यासारखं बोलले.

आठ दिवसांत ते गेले. आपल्या हातून माणूस गेला, हे मला तेव्हाच कळलं होतं. यांनी मला कधी बोल लावला नाही, आणि मीही उलथण्याचं कधी सांगितलं नाही.

महिन्याभरात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात. शेजारच्या अक्का म्हणाल्या, घागर चुलीजवळ मांड, तीच रीत आहे. मी ती काठोकाठ भरली, उचलली आणि पुढच्या खोलीत नेऊन त्यांची खाट होती तिथे ठेवली. निदान हे पाणी तरी त्यांना न खाकरता पिता यावं.