शेठने न पाठवलेला ड्रायव्हर

भरल्या सभेत शेठने माझ्यावर खोटा आळ घेतला, त्या दिवसापासून मी त्याची फजिती बघायला टपून होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला मी फार मोठ्या मनाची वाटायला नको.

मी उधन्याची, सुरतेतल्या कामगार वस्तीतली. वडील धुळ्याकडून सुरतेला लूमवर कामाला आले आणि इथेच राहिले. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि जवळच इच्छापोरला या शेठच्या कारखान्यात लागले. तिथे गोल्फच्या काठ्या बनत. खेळणारे त्यांना क्लब म्हणतात, आणि चेंडू सगळ्यात लांब मारायच्या क्लबला ड्रायव्हर. घरी मी म्हणाले, "आज नवा ड्रायव्हर आला," की आई विचारायची, "जुन्याला का काढलं?" माझं काम चाचणीचं. यंत्राच्या पंजात क्लब अडकवायचा, चेंडू मारायचा आणि तो किती लांब, किती सरळ गेला ते पडद्यावर बघायचं.

गोल्फचं एक मासिक दरवर्षी सगळ्या कंपन्यांचे ड्रायव्हर एकमेकांशी ताडून बघायचं आणि निकाल छापायचं. आमचं नाव त्यात कधीच नसे. मी एकदा शेठना सरळ विचारलं, "आपण का पाठवत नाही?"

"बेन, आपला क्लब गिऱ्हाइकाच्या मापाने बनतो," ते म्हणाले. "एकासाठी शिवलेला सदरा दुसऱ्याला घालायचा आणि बसत नाही म्हणून छापायचं, हा कुठला न्याय?"

मला पटलं. आजही त्यात तथ्य आहे असं वाटतं. या धंद्यात हे कारण सांगणारे ते एकटे नव्हते.

पण एका वर्षी नवा ड्रायव्हर निघाला आणि शेठने जाहिरातीत ठोकून दिलं, 'सर्वांत लांब'. दुकानदार मागे लागले, इतका लांब जातो तर मासिकात येऊ द्या. शेठने मला पाठवायला सांगितलं. मी स्वतः खोकं बांधलं, पत्ता चिकटवला आणि कुरिअरसाठी ऑफिसात ठेवलं. संध्याकाळी कंपनीच्या बसकडे जाताना बघते तर तेच खोकं शेठच्या गाडीत मागच्या सीटवर.

"शेठ, हे गेलं नाही?"

"राहू दे. पुढच्या वर्षी बघू."

पुढे एका हॉटेलात दुकानदारांची सभा भरली. मी स्टेजवर तो ड्रायव्हर हातात धरून उभी होते. अहमदाबादचा एक मोठा दुकानदार मासिकाचा अंक उंच धरून उठला. "शेठ, यात आपला माल कुठे आहे?"

शेठने क्षणभरही विचार केला नाही. माझ्याकडे बोट दाखवलं. "आ बेन मोकलवानुं भूली गयां." ही बाई पाठवायला विसरली. आणि मग सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत, "उधना की लडकी है, इसको गोल्फ का क्या पता!"

सगळा हॉल हसला. तो दुकानदार तर मान मागे टाकून हसला. ड्रायव्हरवरची माझी मूठ आवळली गेली. तो टेबलावर आपटला असता तर काय झालं असतं, हे मी पुढे कितीदा तरी मनात रंगवून बघितलं.

मी नोकरी सोडली. शहराबाहेर गोल्फचं मैदान आहे, तिथे लोकांना त्यांच्या उंचीप्रमाणे, हाताप्रमाणे क्लब जुळवून द्यायला लागले. हात चांगला म्हणून नाव झालं. काही वर्षांनी त्याच मासिकाचे संपादक आले. म्हणाले, "यंदाची तुलना सुरतेत करू या. चाचणी तुम्ही सांभाळा."

मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच की ते जरा चमकले.

कंपन्यांना पत्रं गेली. शेठचं उत्तर आलं, आम्ही भाग घेत नाही. संपादक म्हणाले, "बाजारात माल आहे ना? मग विकत घ्या." मी त्याच दुपारी दुकानात गेले.

सगळ्या ड्रायव्हरांच्या नावांवर काळी टेप लावली, कोणाचा कोणता ते खेळणाऱ्यांना कळू नये म्हणून. शेठचा क्लब मुद्दाम चुकीच्या माणसाच्या हाती देणं मला सहज जमलं असतं. पण मला शेठला सरळ हरलेलं बघायचं होतं. उद्या 'बाईने डाव साधला' म्हणायला त्याला जागा उरू द्यायची नव्हती.

निकाल लागला आणि माझा हिरमोड झाला. मला शेवटचा नंबर हवा होता. शेठचा ड्रायव्हर बरोबर मध्ये आला. कोणी शिवी दिली नाही, कोणी वाहवा केली नाही. एका खेळाडूला तर तो आपण मारून बघितल्याचंही आठवेना.

मासिकाने प्रत्येक कंपनीला तिच्यापुरता मजकूर तपासायला पाठवला. अंकाचं काम संपत आलं होतं, तेव्हा एका दुपारी शेठ मैदानावर हजर. घामाघूम. मी खुर्ची दिली नाही.

"बेन, आमचं नाव काढा," ते म्हणाले. "पहिला आला असता तर मी मिरवलं असतं. शेवटचा आला असता तर मासिकावर तुटून पडलो असतो. मधल्याचं मी काय करू? उद्या दुकानदार विचारेल, दुसऱ्यासारखाच आहे तर तुमचाच का ठेवू?"

"म्हणून त्या वर्षी खोकं गाडीत ठेवलं?"

ते खाली बघायला लागले. "तेव्हाही मला माहीत होतं. जुना ड्रायव्हर आणि नवा, फरक काही नव्हता."

"अहमदाबादच्या त्या दुकानदाराला फोन लावा," मी म्हटलं. "स्पीकरवर. खोकं कोणी अडवलं ते सांगा. मग बोलू."

त्यांनी फोन काढला, परत खिशात ठेवला. मी हलले नाही. शेवटी त्यांनी फोन लावला. आवाज खाली घेऊन म्हणाले, "ते पार्सल मी थांबवलं होतं. त्या बेनचा काही दोष नव्हता." पलीकडून विचारणा झाली, "कुठली बेन?"

तो दुकानदार ते विसरूनही गेला होता. ती लाज मी इतकी वर्षं एकटीच वागवत होते. माझं डोकं आणखी भणाणलं.

"उधन्याची," मी फोनकडे वाकून म्हटलं.

शेठने फोन ठेवला. "आता नाव काढाल ना?"

"अंक सकाळीच छापायला गेला, शेठ."

ते एक घाणेरडी शिवी हासडून गाडीकडे गेले. मला पश्चात्ताप होईल म्हणून मी थांबून बघितलं. झाला नाही. उलट त्या दिवशी पोटभर जेवले.

आईला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "मंग, तो काय बोलना?"

"शिवी दिली."

"देऊ दे," ती म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.