मुलींच्या कॉलेजातला एकमेव मुलगा

मोठ्या बाईंनी एक कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "माने बाई, आपण मुलगा कधी घेतला?"

मी कोल्हापुरातल्या मुलींच्या सरकारी शाळेत हेडक्लार्क होते. शाळेला वर अकरावी-बारावी जोडलेली होती, आर्ट्स आणि सायन्स. फाटकातून आत येणारे पुरुष म्हणजे शिपाई नाना, फिजिक्सचे सर आणि तक्रार घेऊन येणारे पालक. मुलगा घ्यायचा प्रश्नच नव्हता.

कागद शाहूपुरीतल्या मुलींच्या वसतिगृहाच्या ऑफिसातून आला होता. "आपल्या मुलींच्या महाविद्यालयात कु. किरण कांबळे या मुलास कोणत्या नियमाने प्रवेश देण्यात आला, याचा खुलासा शनिवारपर्यंत करावा. अन्यथा त्याचा वसतिगृहाचा अर्ज रद्द समजण्यात येईल." सरकारी ऑफिसात खुलासा मागतात तेव्हा चूक तुमचीच असं आधीच ठरलेलं असतं. फक्त ती तुमच्या अक्षरात हवी असते. त्या दिवशी गुरुवार होता.

किरण कांबळेला मी चांगली ओळखत होते. अकरावी सायन्सची मुलगी, दोन वेण्या, लाल रिबिनी. पेठ वडगावच्या पलीकडच्या एका खेड्यातून यायची. आमचं सायन्स सकाळी सातला भरायचं. ती दोन एसट्या बदलून पोचेपर्यंत पहिला तास संपलेला असायचा, आणि तो नेमका गणिताचा. तिचे वडील वडगावच्या बाजारात हमाली करायचे. महिन्यापूर्वीच ते ऑफिसात येऊन मला सांगून गेले होते.

"बाई, पोरगी अंधारात फाट्यावर उभी ऱ्हातीया. हॉस्टेल मिळालं तर सायन्स. न्हाईतर गावाजवळच्या कॉलेजात घालतो."

गावाजवळच्या कॉलेजात फक्त आर्ट्स होतं. आणि किरणला डॉक्टर व्हायचं होतं.

मी वसतिगृहाकडे पाठवलेल्या अर्जाची ऑफिस कॉपी काढली. किरणच्याच स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, "मी दहावीला फर्स्ट क्लासमध्ये पास झालो आहे. मी रोज दोन गाड्या बदलून येतो. त्यामुळे मी पहिल्या तासाला हजर राहू शकत नाही."

तिला बोलावून घेतलं. "किरण, हे 'झालो' काय लिहिलंस?"

"मग काय लिहू, बाई? झालो न्हवं का पास?"

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायला हवं. कोल्हापूरकडे पोरी बोलताना मी आलो, मी गेलो, मी जेवलो असंच म्हणतात. आई म्हणते, आजी म्हणते, लग्नाला उभी राहिलेली नवरीही म्हणते. इथे कुणाला त्यात वावगं वाटत नाही. पण हे झालं बोलण्याचं. सरकारी अर्जात ते लिहिलं की साताऱ्यापलीकडचा माणूस दचकतो.

तरीही एका 'झालो'वरून एवढं व्हायला नको होतं. म्हणून मी बाकीचे कागद काढले आणि एकेक वाचत गेले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'कु. किरण'. आता कु. म्हणजे कुमारीही आणि कुमारही. किरण नावाचे मुलगे तर गल्लोगल्ली. वसतिगृहाच्या फॉर्मवर मुलगा की मुलगी हा रकानाच नव्हता, कारण वसतिगृह मुलींचंच. आमच्या रजिस्टरलाही नव्हता, कारण शाळा मुलींचीच. अर्जाला फोटो तेव्हा लागत नसे.

शेवटचा कागद बोनाफाईडचा. बोनाफाईड म्हणजे हा विद्यार्थी आमच्याकडेच शिकतो असा शाळेचा दाखला. त्या आठवड्यात आमचे छापील फॉर्म संपले होते. मीच शेजारच्या मुलांच्या शाळेतून कोरे फॉर्म मागून आणले, वरचं नाव खोडलं आणि आमचा शिक्का मारला. खालचा मजकूर काही वाचला नाही. तिथे छापलं होतं, "हा आमच्या शाळेचा नियमित विद्यार्थी असून त्याची वर्तणूक चांगली आहे." खाली माझी सही.

मोठ्या बाईंना हे सांगताना मला लाज वाटली. त्यांनी चष्मा काढून पुसला. "जन्मदाखला आणा."

"गावातून यायला आठवडा लागतो. यादी शनिवारी बंद होणार."

"मग पोरगीलाच घेऊन जा. डोळ्यांनी बघू देत."

शुक्रवारी मी नवा बोनाफाईड लिहिला, त्यात 'ही' आणि 'विद्यार्थिनी' दोन्हीखाली रेघ ओढली आणि किरणला घेऊन रिक्षात बसले. वसतिगृहाचे साहेब नुकतेच नागपूरहून बदलून आले होते. मी ठरवलं, यांच्यापुढे आपली शोभा नको. रिक्षात मी तिची उजळणी घेतली.

"कशी येतेस?"

"एस्टीनं येतो."

"येते."

"एस्टीनं येते." तिने तोंड वाकडं केलं. "बाई, मी वेगळीच कोणतरी वाटाय लागलो."

"लागले."

शाहूपुरी येईपर्यंत पोरगी अगदी रेडिओवरच्या बातम्यांसारखी बोलायला लागली. मी मनातल्या मनात माझीच पाठ थोपटली.

साहेब माणूस सज्जन होता. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, नवा दाखला जुन्याशेजारी ठेवला आणि दोन्हींवरून बोट फिरवलं. "आठवड्यापूर्वी हा. आज ही."

"ती माझी चूक, साहेब. फॉर्म मुलांच्या शाळेचा होता. पण मुलगी तुमच्या समोरच आहे."

"ते मला दिसून राहिलं. पण अर्ज हिचाच कशावरून? जागा मार्कांवर मिळते. मार्क भावाचे आणि राहायला बहीण, असंही होऊ शकते."

"हिला भाऊच नाही."

"कागदावर तसं कुठे आहे?" मग ते किरणकडे वळले. "अर्ज कोणी लिहिला, बेटा?"

किरण ताठ बसली. "अर्ज मी लिहिला. मी दहावी उत्तीर्ण झाले. मी दररोज दोन गाड्या बदलून येते."

साहेबांनी अर्ज पुढे ओढला. झालो, येतो. त्यांनी मान हलवली. "बघा बाई. ही किती शुद्ध बोलते. ज्याने 'झालो' लिहिलं, तो कोणी वेगळा."

किरणने माझ्याकडे असं बघितलं की ते बघणं मला आजही आठवतं. तिचं सायन्स तिथे त्या टेबलावर बुडत होतं आणि बुडवणारी मी होते. आधी न वाचता सही करून, मग शहाणपणा शिकवून. मला स्वतःचा इतका राग आला की आवाज चढला.

"अवो साहेब, काय बोलताय? तिला काय येतंय शुद्ध? रिक्षात बसून सगळं मीच शिकवलो की!"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "कोणी शिकवलो?"

"मी शिकवलो. आणि तो दाखला बी न वाचता मीच दिलो. त्या पोरीचा काय दोष हाय त्यात?"

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. नऊवारी नव्हे, पण साडी, कुंकू, हातात बांगड्या, पन्नाशीची बाई. मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून हाक मारली, "मावशी, स्वयंपाक झाला का?"

आतून आवाज आला, "कवाच करून बसलो, साहेब!"

साहेब खुर्चीत मागे टेकले. "महिनाभर ऐकून राहिलो मी. मला वाटलं, ह्या मावशीच तशा." मग ते किरणला म्हणाले, "बेटा, आता तुझ्या घरी सांगते तसं सांग."

किरणने एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. आणि पोरगी सुटली.

"साडेचारला उठतो, साहेब. भाकरी बांधून घेतो, फाट्यावर जातो. वडगावला उतरलो की दुसरी गाडी कवा भरलेली असती, कवा थांबतच न्हाई. रोज धावत येतो, तरी गणिताचा तास गावत न्हाई. त्या तासाची वही मैत्रिणीकडनं उतरून घेतो. पर वहीत उत्तर असतंय, कसं आलं ते नसतंय."

साहेबांनी अर्ज परत फाईलला लावला. मग म्हणाले, "मला पटलं. पण फाईलला पटायला पाहिजे. खुलासा द्या."

मी तिथेच बसून लिहिला. "कोल्हापूर परिसरातील मुली व स्त्रिया स्वतःविषयी बोलताना पुल्लिंगी क्रियापद वापरतात. सबब अर्जदार कु. किरण ही मुलगीच असून अर्ज तिनेच लिहिला आहे. बोनाफाईडमधील चूक कार्यालयाची आहे." साहेबांनी वाचला आणि शेवटच्या ओळीवर थांबले. घाईत मी लिहून गेले होते, "असे मी प्रमाणित करतो."

मी खोडायला पेन उचललं. त्यांनी कागद मागे घेतला. "असू द्या. हाच खरा पुरावा आहे."

शनिवारच्या यादीत किरणचं नाव होतं. सोमवारी ती सातच्या आधी वर्गात पहिल्या बाकावर बसली आणि पुढची दोन वर्षं तिचा गणिताचा तास चुकला नाही.

मोठ्या बाईंनी ऑफिसला एक तोंडी नियम घालून दिला, सहीआधी मजकूर वाचायचा. तो मी रिटायर होईपर्यंत पाळला. दुसरा नियम माझा मीच केला. माणूस खरं सांगायला निघालं असेल, तर वाटेत त्याचं बोलणं सुधारायला जायचं नाही.