मोठी अक्षरं
काल चष्म्याचा नंबर वाढला म्हणून कॉम्प्युटरवरची अक्षरं मोठी केली, आणि नव्वदच्या दशकातलं चामराजपेटचं आमचं ऑफिस आठवलं. मी नुकताच पुण्याहून त्या कन्नड मुलखात आलो होतो. तिथल्या कॉम्प्युटरांवर कुणाला काय उघडता येईल, हे ठरवायचं काम माझ्याकडे होतं. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, आत एसीचा गार, कोंदट वास असायचा. हिशेब बघणारे अण्णा अचानक वारले आणि त्यांच्या जागी त्यांच्या बायकोला नोकरी मिळाली. पहिल्या दिवशी त्या अण्णांच्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या. “त्यांचं नाव आता पुसणार का?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “पुसत नाही, अक्का. त्याच कामावर नवीन माणूस आला की जुन्या खात्याचं नाव तेवढं बदलतो. आत सगळं अण्णांचंच राहतं.” मी नाव बदललं, त्यांनी एकेक अक्षर शोधत पासवर्ड घातला. पडदा उघडला तर अक्षरं ही एवढाली. अण्णांना कमी दिसायचं. अक्कांची नजर मात्र चांगली होती. “लहान करून देऊ?” मी विचारलं. त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, “नको. असू देत तशीच. मीच स्वल्प मागं बसते.” मी तिथं होतो तोवर त्या रोज खुर्ची हातभर मागं ओढूनच काम करत. काल माझी अक्षरं मोठी झाल्यावर मीही खुर्ची तेवढीच मागं ओढून पाहिली. तिथूनही सगळं स्वच्छ दिसत होतं.