पाणम्हैस

चिकलठाण्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसायचा. अंगात कंपनीचा निळा शर्ट, डोक्याला मुंडासं आणि तोंडात सदा घरच्या म्हशी.

एकदा क्रांती चौकात विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्च्यापायी बस अडकली. आत दोन तट पडून भांडण जुंपलं. हा मात्र माझ्या मासिकातला पाणघोडा न्याहाळत होता. मी वाचून दाखवलं, "दिवसभर पाण्यात डुंबतो, रात्री काठावर चरतो. मादी पाण्यातच विते, पिल्लू पाण्याखाली दूध पितं."

"मंग घोडा कसा? ही तर म्हैस हाय! पाणम्हैस म्हना."

"सगळे इतकी वर्षं पाणघोडाच म्हणतात," मी म्हणालो.

तो जोरात खेकसला, "आवं, नाव बदलल्यानं कुनाची म्हैस आटती व्हय?"

मागचं भांडण एकदम थांबलं. तो मात्र चित्रातल्या पिल्लाकडंच बघत होता.