नाव घातलेलं पातेलं

रिटायर झालेला डॉक्टर घरात फार दिवस मोकळा ठेवू नये. आमच्या ह्यांनी लिलावाच्या कॅटलॉगमधून एक प्राचीन चिनी पातेलं पसंत केलं आणि लंडनला जाऊन घ्यायचंच म्हणून बसले.

"अगं, थ्री थाउजंड इयर्स जुनं आहे."

"अहो, आपली तीस वर्षांची पातेली ठेवायला जागा नाही."

पण माणसाने स्वतःसाठी कधी काही मागितलेलं नव्हतं. म्हणून मी मुकाट्याने वाटेसाठी बेसनाचे लाडू वळले आणि आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भरले.

बर्मिंगहॅमहून पहाटेची कोच घ्या, ट्रेनपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. लिलावाआधी वस्तू फुकट बघायला मिळतात, हातातही देतात. तिथली कॉफी मात्र घेऊ नका.

पातेलं काशाचं, दोन कानांचं, पूर्वजांना नैवेद्य दाखवायचं. इतकं हिरवं की चिंच लावायला माझे हात शिवशिवत होते. तिथल्या मुलीने आतली अक्षरं दाखवून अर्थ सांगितला: मुलाने वडिलांसाठी घडवलं, पुढच्या मुला-नातवंडांनी जपावं.

"म्हणजे नाव घातलेलं भांडं आहे," मी ह्यांना म्हटलं. "दुसऱ्याचं. परत द्यायला नको?"

"आता कोण मागायला येणारे?"

लिलावात ह्यांची नंबराची पाटी तीनदा वर गेली. मागच्या रांगेतल्या एका चिनी आजोबांची दर वेळी त्यानंतर. चौथ्यांदा ह्यांचा हात मांडीवरच राहिला आणि हातोडा पडला. ह्यांचा चेहरा बघून मला खरंच वाईट वाटलं, पण जीभ कुठली ऐकते.

"आले हो मागायला," मी म्हटलं.

बाहेर आजोबा डोळे पुसत उभे होते. "इट्स गोइंग होम," ते म्हणाले. आपल्याकडे परत जाणारं भांडं रिकामं पाठवत नाहीत. मी लाडवांचा डबा त्यांच्या हातात ठेवला. ह्यांनी अजून एकही खाल्लेला नव्हता.

घरी आल्यावर हे थेट किचनमध्ये गेले, कपाटात खडखडाट केला आणि एक स्टीलचा डबा माझ्यापुढे ठेवला. त्यावर नाव: सौ. मंदा. स्लाऊची मंदाताई. गेल्या दिवाळीपासून आमचा अबोला आहे.

"हा कधी परत करतेस?"

शनिवारी स्लाऊला निघालोय. डबा रिकामा नेता येत नाही आणि लाडू तर चीनला गेले, म्हणून पुन्हा बेसन भाजायला घेतलंय. मंदाताई दार उघडेल की नाही, देव जाणे. पण ह्या खेपेला पहिला लाडू ह्यांच्या नावाचा.